माझ्या रागासाठी अकरा रविवार

मागच्या वर्षी देवळाली प्रवरेत माझ्या रागासाठी सलग अकरा रविवार प्रार्थना झाली, आणि त्या अकराही रविवारी मला राग आला.

प्रार्थनेवर माझा विश्वास आहे, हे आधीच सांगून ठेवते (नाहीतर हे वाचून मंडळी बाराव्यांदा दारात उभी राहायची!). आमचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. पणजीपासून घरात सगळ्या शिक्षिका, आणि मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिकाच. तेव्हा प्रार्थनेशी माझं काही वाकडं नाही. माझं वाकडं आहे ते प्रार्थनेनंतरच्या चहाशी.

मला आयुष्यात फार काही नको होतं. सोनं नको, साडी नको, महाबळेश्वर नको. रविवारी दुपारी दोन ते चार झोप हवी होती. बस्स!

सोमवार ते शनिवार मी पाचला उठते. दोन डबे, सासूबाईंची बिनतिखटाची भाजी वेगळी, मग स्कूटीवर नऊ किलोमीटर, आणि मग शाळा. शाळेत शिकवणं हे माझं जोडकाम. मुख्य काम माहिती भरणं. मुलांची उंची भरा, वजन भरा, झाड लावल्याचा फोटो टाका, ते झाड जगल्याचा फोटो टाका. यातून वेळ उरलाच तर मतदार याद्या घेऊन वस्त्या पालथ्या घाला. संध्याकाळी घरी यावं तर आमचे सामुएलराव कारखान्यातून येऊन पंख्याखाली बसलेले असतात. मनाने फार चांगले. "दमलीस का गं?" असं मायेने विचारतात, आणि माझं उत्तर यायच्या आत म्हणतात, "चहा ठेव ना जरा."

एक दिवस फळ्यासमोर चक्कर आली. राहुरीच्या डॉक्टरांनी बीपी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मशीन बदलून तिसऱ्यांदा मोजलं.

"मॅडम, झोप किती होते?"

"कुणाची?"

"तुमची!"

मी आठवू लागले. डॉक्टर हात जोडून म्हणाले, "गोळी देतो, पण गोळी एकटी काही करणार नाही. निदान रविवारी दुपारी दोन तास तरी पडायचं. मोबाईल बंद, दार बंद. नाहीतर एक दिवस वर्गातच आडव्या व्हाल, आणि मग उठाल की नाही हे मी सांगू शकत नाही."

मी घाबरले. खरंच घाबरले. घरी येऊन जाहीर केलं, "आजपासून रविवारी दोन ते चार मी मेले असं समजा!"

"असलं वंगाळ बोलू न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"समजलो," सामुएलराव म्हणाले. "पण चहा तीनला असतो ना?"

रविवार उजाडला. सकाळची उपासना झाली, मटण-भाकरी झाली, भांडी झाली. दोनला मी अंग टाकलं. दोन वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या ग्रुपवर निरोप आला (मोबाईल बंद करायचा राहिला, हा माझाच मूर्खपणा): "सर्व महिला शिक्षिकांसाठी तणावमुक्तीचे ऑनलाइन प्रशिक्षण. आज दुपारी अडीच वाजता. उपस्थिती अनिवार्य. कॅमेरा सुरू ठेवावा. गैरहजर राहणाऱ्यांकडून लेखी खुलासा घेतला जाईल."

तणावमुक्तीचं! रविवारी! आणि आलं नाही तर खुलासा!

मी तोंडावर पाणी मारून बसले. पडद्यावर गुलाबी कुर्ता घातलेले एक गृहस्थ होते. त्यांच्या मागे खिडकी, खिडकीत कुंडी, आणि हातात कुणीतरी आणून दिलेला वाफाळता कप. "भगिनींनो," ते म्हणाले, "तुम्ही स्वतःसाठी वेळच काढत नाही, हीच तुमची चूक आहे. निदान रविवार तरी फक्त स्वतःचा ठेवा." मला मोबाईल चावावासा वाटला. पण तेवढ्यात ते म्हणाले, "आता डोळे मिटा. तुम्ही नदीकाठी बसला आहात." मी नदीपर्यंत पोचलेच नाही, वाटेतच झोपले. काय झोप होती ती! सहा मिनिटांची, पण अशी झोप मला बाळंतपणातसुद्धा मिळाली नव्हती.

खांदा हलला. "सुनीता, अगं तीन वाजले."

मी उठले. स्वयंपाकघरात गेले. आधण ठेवलं, हातात गाळणी घेतली. बाहेरून आवाज आला, "आलं टाक गं थोडं. आणि तू एवढी का आदळआपट करतेस?"

पुढचं मला नीट आठवत नाही. गाळणी खिडकीतून बाहेर गेली एवढं खरं. शेजारच्या मार्थामावशी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. गाळणी बरोबर त्यांच्या परातीत जाऊन पडली. मार्थामावशी म्हणजे आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांनी वर पाहिलं.

"सुनीते, गाळनी कशापायी टाकली गं?"

माझ्या आधी सासूबाईंनीच खिडकीतून उत्तर दिलं, "राग आलाय तिला."

"लई?"

"लई."

मार्थामावशींनी मान डोलावली आणि गाळणी पदराने पुसून ठेवून दिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं!

आमच्यात रविवारी दुपारी घरसभा असते, दर वेळी वेगळ्या घरी. गाणी, वाचन, आणि मग विनंत्या. ज्याने त्याने उठून सांगायचं, अमक्यासाठी प्रार्थना करा. कुणाचे गुडघे, कुणाची नोकरी, कुणाची हरवलेली शेळी. मग सगळ्यांनी मिळून सगळ्यांसाठी डोळे मिटायचे. रीत फार चांगली आहे. पुढचा रविवार नेमका आमच्या घराचा होता. वेळ, दुपारी तीन.

मी आत बत्तीस माणसांचा चहा उकळत होते. बाहेर सासूबाईंचा आवाज आला. "माज्या सुनंसाठी प्रार्थना करा. पोरगी गुनाची हाय, पन राग लई. भांडी फेकती."

भांडी! एक गाळणी! एका आठवड्यात तिची भांडी झाली!

मी ट्रे घेऊन दारात आले आणि तशीच थिजले, कारण सगळ्यांचे डोळे मिटलेले होते आणि मार्थामावशी सुरू झाल्या होत्या. "हे प्रेमळ पित्या, या घरातल्या सुनंच्या अंगात जो राग शिरलाय, तो मुळापासून उपटून टाक. तिला गरीब गाय कर." बत्तीस जण म्हणाले, "आमेन!" त्यात सर्वांत मोठा आमेन कुणाचा होता? आमच्या सामुएलरावांचा! डोळे गच्च मिटून, छातीवर हात ठेवून! माझ्या रागासाठी त्या दिवशी बत्तीस माणसं डोळे मिटून बसली, पण कप विसळायला त्यातलं एकही उठलं नाही. ते मीच विसळले.

प्रार्थनेच्या दुसऱ्या रविवारी अडीच वाजता दार वाजलं. पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, आणि त्यांच्या बाई. "तुम्ही झोपला नव्हता ना?" पाळकसाहेबांनी विचारलं. माझे अर्धे केस वर, गालावर उशीचे वळ. "छे छे!" मी म्हणाले. तिसऱ्या रविवारी महिला मंडळाच्या सहा जणी. चौथ्या रविवारी घोडेगावची चुलत नणंद आली. दारातच गळ्यात पडून रडली. "वहिनी, तुझ्यासाठी मी शुक्रवारी उपास धरला. बाजाराचा दिवस असून!" तिचा उपास शुक्रवारी झाला आणि तो सुटला रविवारी माझ्या घरी, पुरणपोळीवर. उपास तिचा, पुरण माझं.

शाळेतही काही निराळं नव्हतं. त्या तणावमुक्तीच्या प्रशिक्षणाचा अहवाल आला. त्यात फोटो होता. पंचाऐंशी चौकटींमध्ये चौऱ्याऐंशी बायका डोळे उघडे ठेवून वैतागलेल्या, आणि एक मी, मान कलती, तोंड उघडं, चेहऱ्यावर स्वर्ग. आसपासच्या शाळांवरच्या केंद्रप्रमुख साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुमच्याइतकी कुणीच तल्लीन झाली नव्हती. तुम्हाला केंद्राच्या तणावमुक्ती समन्वयक नेमतोय. काही विशेष नाही, दर शनिवारी संध्याकाळी सगळ्या शाळांचा अहवाल गोळा करायचा. किती जणी तणावमुक्त झाल्या ते." आता बोला! शनिवारी रात्री जेवण झाल्यावर मी फोन करकरून विचारायचे, "बाई, तुमचा तणाव गेला का?" आणि पलीकडून जे काही ऐकायला मिळे ते इथे लिहिता येत नाही.

पाचव्या रविवारी पाथर्डीहून सामुएलरावांचे मामा आले. जीप भरून. नऊ माणसं उतरली, त्यातली चार कोण होती हे मला आजही माहीत नाही. अंगात शिरलेलं बाहेर काढण्यात मामांचा हातखंडा. त्यांनी मला पाटावर समोर बसवलं.

"सूनबाई, खरं सांग. राग कवा येतो?"

मी खरं सांगितलं. "दुपारी दोन ते चार."

मामांनी सावकाश सगळ्यांकडे पाहिलं. "बगा! येळ ठरल्याली हाय त्याची!"

खोलीभर शहारा गेला. मार्थामावशी हळूच म्हणाल्या, "रविवारीच का गं येतो?"

"रविवारीच!" मी ओरडले. "कारण रविवारीच तुम्ही..."

"प्रभूच्या दिवशीच!" मामा गरजले. "मंग तर सोडायचंच न्हाई त्याला. हितून पुढं दर रविवारी, बरोबर दोन ते चार, त्याच टायमाला गाठायचं!"

आणि ठरलं! माझ्या झोपेच्या नेमक्या वेळेला, माझ्याच घरी, माझ्याच चहावर, माझ्याच रागाचा बंदोबस्त! पाळीपाळीने माणसं नेमली. कागद करून फ्रिजवर चिकटवला. सामुएलरावांनी स्वतः पट्टीने रेघा मारल्या. बावीस वर्षांच्या संसारात या माणसाने घरासाठी स्वतःहून केलेलं हे पहिलं काम!

सहाव्या रविवारी मी गोड हसून चहा दिला. सातव्या रविवारी नुसता चहा दिला. आठव्या रविवारी मी ट्रे जमिनीवर ठेवला (ठेवला, आदळला नाही, लोक काहीही सांगतात!) आणि म्हणाले, "मला राग-बिग काही नाही. मला झोप पाहिजे! तुम्ही सगळे घरी जा आणि मला झोपू द्या!"

मग मार्थामावशी मायेने म्हणाल्या, "बघा, अजून हाय."

आणि पुन्हा सगळ्यांनी डोळे मिटले.

खरं सांगते, त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मला वाईट वाटलं नाही, मला राग आला. गुलाबी कुर्तेवाल्याचा आला, तणाव मोजायला लावणाऱ्या साहेबांचा आला, नवऱ्याचा तर आलाच आला. बाई दमली, हे कुणाला दिसतच नाही. बाई चिडली की मात्र अख्ख्या तालुक्याला दिसतं! बत्तीस माणसांत एकालाही वाटू नये की "प्रभू, सामूला चहा करायला शिकव" अशी एखादी विनंती मांडावी? अशक्य गोष्टींसाठीसुद्धा प्रार्थना करतातच की लोक! त्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी विचारलं, "दुपारी पडताय ना?" मी हसायला लागले. थांबेचना हसू. डॉक्टरांनी मुकाट्याने एक गोळी वाढवली.

अकराव्या रविवारी चहा करताना मला पुन्हा चक्कर आली. ओटा धरून उभी राहिले. बाहेर गाणं चाललेलं, कुणाला काही कळलं नाही. तेव्हाच मी ठरवलं, आता खोटं बोलायचं.

पुढच्या रविवारी सकाळी उपासनेत साक्षीची वेळ आली. प्रार्थना फळाला आली की तसं उभं राहून सगळ्यांपुढे सांगायचं असतं, त्याला आमच्यात साक्ष म्हणतात. मी उठले. "प्रभूने माझा राग काढून घेतला," मी म्हणाले. "मुळापासून. आता कुणी यायची गरज नाही. अजिबात नाही. कुणीच नाही." पाळकसाहेब गहिवरले. मार्थामावशींनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई पदर डोळ्याला लावून हमसून हमसून रडल्या. मला लाज वाटली. पण दुपारच्या झोपेपुढे ती फार टिकली नाही.

त्या दिवशी आम्ही जेवलो, भांडी झाली, मी खोलीत गेले. दोन वाजून पाच मिनिटांनी दार वाजलं.

दारात पाच बायका. एक दवाखान्यातली नर्स, एक अंगणवाडीताई, एक पतसंस्थेतली, दोघी हायस्कूलच्या. पाचही जणींना त्यांच्या सासवांनी पाठवलं होतं. का, तर सुनीताचा राग गेला, आता तिच्याकडून तुमचाही काढून आणा! सकाळची उपासना सुटल्या सुटल्या आमच्या सासूबाईंनी हे पत्रिका वाटल्यासारखं सगळ्यांना सांगितलेलं!

अकरा रविवारांत आला नव्हता असा राग मला तेव्हा आला. कानशिलं तापली. मी त्या पाचही जणींना हाकलून द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती नर्स, सुलभा तिचं नाव, उंबऱ्यातच भिंतीला टेकली. डोळे लालभडक. खांद्याला ड्युटीची पिशवी. "ताई," ती म्हणाली, "काय प्रार्थना-बिर्थना असंल ती लवकर उरका. रात्रपाळी करून आलीय, सैपाक करून आलीय, आन् पाचला परत ड्युटी हाय. मला उभं ऱ्हावत न्हाई."

मी तोंड मिटलं. पाचही जणींना आत घेतलं, आतून कडी लावली, पडदा ओढला, सतरंज्या अंथरल्या.

"आडव्या व्हा."

"अशी प्रार्थना?" अंगणवाडीताईंनी विचारलं.

"अशीच. मोबाईल बंद करा. डोळे मिटा."

सुलभा तर उशी मागायच्या आत झोपली. अंगणवाडीताई "चारला उठवाल ना हो?" असं म्हणता म्हणता "चारला"वरच संपल्या. मीही पडले.

बाहेर तीनच्या सुमाराला सामुएलरावांचा आवाज आल्याचं मला अर्धवट आठवतं. "आई, चहा?" आणि सासूबाई, "गप. आत प्रार्थना चाललीय. तुजा तू ठेव."

त्याला आता पाच महिने झाले. दर रविवारी दोन ते चार आमची बैठक भरते. सध्या नऊ जणी आहेत; दारापासून कपाटापर्यंत जागा पुरत नाही, पाय एकमेकींच्या अंगावर जातात. चहा सामुएलराव करतात. वाईट करतात, पण करतात. माझं बीपी उतरलं. डॉक्टरांनी एक गोळी काढली, म्हणाले, "काय केलंत?" मी म्हणाले, "प्रार्थना." (हे एक खोटं वाढलं, त्याचं माझं मी बघून घेईन.)

आता गेल्या रविवारचं. मला मधेच जाग आली. बाहेर दाराशी मार्थामावशी कुजबुजत होत्या. देवाच्या आत्म्याने भारलेली माणसं कधी कधी कुणालाच न कळणाऱ्या बोलीत प्रार्थना करतात, आमच्यात तिला अन्य भाषा म्हणतात. तर मावशी भारावून सांगत होत्या, "ऐका हो, ऐका! आतून आवाज येतोय. सुनीताला अन्य भाषा आलीय! मी पाळकसाहेबांना बोलावते!"

संपलं सगळं, म्हटलं. आता दार उघडायला लावतील, नऊ बायका पसरलेल्या बघतील, आणि पुन्हा फ्रिजवर कागद लागेल.

"बस खाली, मार्था," सासूबाई म्हणाल्या. "अन्य भाषा न्हाई ती. घोरती सुनीता. बावीस वर्सं ऐकतीय मी भिंतीपल्याडून. पयल्या दिवसापासून म्हाईत हाय मला, आत काय चाललंय ते. निजू दे पोरीला."

मी ताडकन डोळे उघडले. पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मग आधीचे अकरा रविवार चाललं होतं ते काय होतं? आणि घोरती म्हणजे? मी घोरते? असं चारचौघांत सांगायचं? असा राग आला म्हणता, असा राग आला! दार उघडून चांगलं भांडावं म्हणून मी कोपरावर उठले सुद्धा. पण समोर घड्याळ दिसलं. सव्वातीन. अजून पाऊण तास होता.

मी उशी सरळ केली आणि कूस बदलली. म्हटलं, भांडण चारनंतर.